भेगांचा पट्टा

अकलूज,
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय नंदे,

अक्काचा आशीर्वाद घे. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तिकडे सगळं ठीक असल्याचं मला काव्याच्या स्टेटसवर रोज दिसतंच, त्यामुळे विचारत नाही.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. तुला फोन केला की तो काव्या उचलते. तू बोलायला आलीस तरी तिनं तो स्पीकरवर टाकलेला असतो, मग आपण दोघी भाजीचे भाव बोलत बसतो. मला जे बोलायचंय ते लेकीसमोर बोलता येत नाही. म्हणून पत्र लिहिलं आणि ते गुरुशांतरावांच्या नावावर टाकलं. अक्कानं माझ्या नवऱ्याला पत्र का लिहिलं म्हणून त्यांना छळू नकोस.

काव्या आषाढात तुझ्याकडे गेली ती दोन महिन्यांसाठी. शेतीची पदवी झाली, नोकरी लागेपर्यंत मावशीच्या कोरडवाहू रानात काही करून बघते म्हणाली. मी म्हटलं, जा बाई. मंगळवेढ्याचं ऊन लागलं की आपोआप परत येईल असा माझा हिशेब होता. आता कार्तिक अर्धा सरला. दिवाळीला आली आणि भाऊबीजेचं ओवाळून होतंय तोवर पिशवी भरायला लागली. म्हणे कोळपणी आहे, चुकवून चालत नाही. वर मला समजावून सांगते, "मम्मी, वरची माती मोकळी ठेवली की खालची ओल उडून जात न्हाय." न्हाय! इंग्रजी शाळेत घातलेली माझी पोरगी.

तुझ्या घरी ती भाकरी खाते म्हणे, तीही शिळी, दह्याबरोबर. माझ्या घरात तिला तव्यावरची गरम पोळीच लागायची. तुझ्याबरोबर बांधावर बसलेला फोटो तिनं लावलाय, त्यात तिच्या टाचा बघितल्यास का? मी हळदीचं मलम लावून वाढवलेली पोरगी ती. तिनं माझ्याबरोबरचा फोटो आजवर कधी लावला नाही. लावायला सांगणं बरं दिसत नाही म्हणून मी सांगितलंही नाही.

परवा तिच्या वडिलांनाही तिनं फोनवर झापलं. उसाला पाणी सोडून झोपता, खालच्या कोपऱ्यात माती पांढरी पडली, तिकडं चिगव्वा पावसाच्या पाण्यावर सोन्यासारखी ज्वारी पिकवते. चिगव्वा असं, चिगव्वा तसं, मावशी हा शब्दच विसरली. आमचे हे हसले. मला हसू आलं नाही. पावसाळ्यात रानभर वाफे पाडून पाऊस जागच्या जागी मुरवायचा, मग पेरायचं, मग कोळपून कोळपून ती ओल माघापर्यंत पुरवायची, हे सगळं तिनं मला असं सांगितलं जणू मी जन्मापासून कालव्यात पाय सोडून बसले होते.

नंदे, अप्पांच्या मागं कोळपं धरून कोण चालायचं? तू की मी? तू तर बांधावर बसून बोरं खायचीस आणि माझ्या पाठीत बिया मारायचीस. भेगा पडायच्या आधी माती कशी हलवायची, दात असलेलं कोळपं कधी जोडायचं, हे तुला मी दाखवलं, अप्पांना दम लागायला लागल्यावर. लग्न होऊन इथं आले तेव्हा सासूबाई मला पाहुण्यांसमोर "कोरडवाहूची" म्हणायच्या. मी तो शब्द असा गिळला की माहेरच्या रानाचं नावही परत घरात काढलं नाही. काव्याला वाटतं तिची आई म्हणजे कालवा, ऊस आणि डेअरी. ठीक आहे. पण तू तरी तिला सांगायचंस.

आता मुद्द्याचं. कारखान्याच्या शेती खात्यात तिची जागा होतेय. यांनी शब्द टाकलाय, संक्रांतीनंतर रुजू व्हायचं. घरापासून दहा मिनिटं. तिला संक्रांतीच्या आधी घरी पाठव. मी सांगितलं की ती ऐकत नाही, हे कागदावर लिहिताना फार बरं वाटत नाही. तू सांगितलंस तर ऐकेल.

वेळ अमावस्येला, रानातल्या पूजेला, मी येते. गूळ आणते. तुमच्या घरात पिण्याच्या पाण्याची बोंब आहे असं कळलं, त्याचंही काहीतरी बघते.

तुझी,
अक्का


अकलूज,
२ जानेवारी २०२५

नंदे,

पोहोचले. निघताना तू डब्यात मिसळीच्या भाज्यांची भज्जी आणि आंबिलीची बाटली दिलीस, बाटली गाडीत सांडली. सीट धुवून झालं.

तू दोन वेळा फोन केलास, मी घेतला नाही. यांनी घेतला आणि मी देवळात गेले असं सांगितलं. मी देवळात नव्हते, ओट्यापाशी उभी होते. त्यामुळे तू मनात जे धरून बसली असशील त्याचा खुलासा लिहूनच करते, म्हणजे एकदाचं संपेल.

टँकर मी तुमच्या घरच्या टाकीसाठी ठरवला होता. मंगळवेढ्यातूनच ठरवला, तो मागून येणार होता. बहिणीकडे जाताना लोक साडी नेतात, मी पाणी नेलं, यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. टँकर आला तेव्हा तुम्ही सगळे रानातल्या कडब्याच्या कोपीत जेवायला बसला होता. तुझी टाकी भरून तो रानाकडे आला आणि ड्रायव्हरनं विचारलं, "अर्धा टँकर शिल्लक हाय, कुटं सोडू?" मी म्हटलं, सोड त्या पट्ट्यात. ज्वारी निसवत होती, कणसं बाहेर पडत होती, आणि जमीन हात जाईल एवढी फाटली होती. कुणीही हेच केलं असतं. तुमच्या प्रयोगातलं मला काय कळतं?

त्यावर काव्यानं जे केलं ते शोभलं का? ताटावरून उठून धावत आली. मला वाटलं आनंदानं येतेय. तिनं नळी पायानं दाबून धरली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मम्मी, ह्या पट्ट्याला थेंब द्यायचा नव्हता. ह्याला काय करायचं न्हाय म्हणूनच तो ठेवला हुता." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या लोकांसमोर. दोन पट्टे शेजारी शेजारी, एकात भेगा बुजवलेल्या, एकात तशाच सोडलेल्या. दोन्ही पावसाच्याच पाण्यावर, मग कापणीला फरक बघायचा, असं काहीसं ती हुंदके देत गुरुशांतरावांना सांगत होती. ते बिचारे म्हणाले, "जाऊ दे की गं, आईनं चांगल्या मनानं केलंय." मला ते ऐकून जास्त लाज वाटली. का वाटली ते विचारू नकोस.

तुझं रान चांगलं आलंय, हे मात्र खोटं बोलणार नाही. रस्त्यानं येताना बाकीच्यांच्या ज्वारीची खालची पानं वाळलेली दिसत होती. तुझ्या वाफ्यांतलं पीक बुडापर्यंत हिरवं होतं. मी चप्पल काढून आत शिरले, माती वर भुसभुशीत, आणि टाच थोडी रुतवली तर खाली गार. डिसेंबर संपताना, विहीर नसलेल्या रानात. मी तिथं बराच वेळ उभी राहिले. मला तुझा राग आला, नंदे. माझ्याकडे पाहिजे तेव्हा पाणी येतं आणि माझ्या रानात उभं राहावंसं मला कधी वाटलं नाही.

ते असू दे. मला खरं लिहायचंय ते वेगळंच आहे.

पूजा झाल्यावर गुरुशांतराव पुढे नैवेद्याचा घास शिंपडत गेले आणि मागून काव्या तांब्यानं पाणी शिंपडत गेली. पदर खोचलेला, तुझ्या हिरव्या साडीतली. तू तिच्या शेजारून चालत होतीस, तिच्या तोंडावर येणारी पानं हातानं बाजूला करत. मी कोपीच्या दाराशी म्हाळसाबाईंजवळ बसले होते, तुमच्या शेजारच्या रानवाल्या त्या म्हातारबाई. तुम्ही फेरी मारून आलात तेव्हा त्या तुला काय म्हणाल्या ते मी शब्दाला शब्द सांगते. "नंदे, लेक अगदी तुझ्यावर गेलीया बघ. चालणं सुदिक तुझंच."

आणि तू काय म्हणालीस? काही नाही. तू हसलीस आणि काव्याच्या कपाळावरचा घाम पुसलास.

मी दोन हातांवर होते. माझ्याकडे बोट दाखवायला तुला किती वेळ लागला असता? "ही अक्काची", एवढे दोन शब्द. तुला त्या बाईंची चूक दुरुस्त करता आली नाही. काव्याचं चालणं तुझ्यासारखं नाही, ते माझं आहे. अप्पा जिवंत असते तर त्यांनी सांगितलं असतं. मी उठून बाहेर गेले ते पाय मोकळे करायला नव्हे, हे आता तुला कळलं असेल.

काव्याला घेऊन यायचं म्हणून मी आले होते आणि एकटी परत आले. रुजू व्हायला अजून दिवस आहेत. पाठव तिला.

अक्का


अकलूज,
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय नंदे,

तुझं उत्तर येऊन बरेच दिवस झाले. हुरड्याची पिशवी पण मिळाली. यांनी तो एका बैठकीत संपवला, चटणीसकट. मी खाल्ला नाही असं म्हणणार होते, पण खाल्ला.

तुझी चार ओळींची चिठ्ठी मी इतक्या वेळा वाचली की आता बघायची गरज राहिली नाही. "अक्का, म्हाळसाबाईला मी सांगायला पायजे हुतं. इतकी वर्सं लोक मला कायबाय म्हनत आले, कुनी आई म्हनलं न्हाय. एकदा म्हनलं तर ऐकून घेतलं. तुज्यासमोर ऐकायला नको हुतं." खाली सही पण नीट केली नाहीस.

आपण दोघी बहिणी आहोत आणि एवढ्या वर्षांत मी तुला या बाबतीत एक शब्द विचारला नव्हता. कारण विचारलं असतं तर मला माझ्यातलं काहीतरी तुला वाटून द्यावं लागलं असतं. काव्या झाली तेव्हा तू बारशाला आलीस, तिला मांडीवर घेऊन बसलीस आणि मी दुधाचं निमित्त करून तिला काढून घेतली. भूक नव्हती तिला. तेव्हापासून मी तिला तुझ्याकडे राखून राखून देत आले. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ दिवस, लग्नकार्यात एक दिवस. आणि आता ती आपल्या पायानं चालत तुझ्याकडे गेली तर मला ते सहन होत नाही. मत्सर म्हणतात तो हाच. मला वाटायचं ज्याच्याकडे कमी असतं त्यालाच तो होतो.

आता टँकरचं. मला पट्ट्यांतलं काही कळत नव्हतं असं मी लिहिलं, ते खोटं आहे. पूजेच्या आधी काव्यानं मला हात धरून सगळं फिरवून दाखवलं होतं. ह्या पट्ट्यात भेगा बुजवल्या, ह्यात मुद्दाम ठेवल्या, दोन्हीला पाणी नाही. शेजारपाजारच्या शेतकऱ्यांना कापणीला बोलावून दोन्हीकडची कणसं शेजारी ठेवून दाखवायची, म्हणजे कुणी नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवायला नको. फार उत्साहात सांगत होती. आणि न सांगता मला कळलंच असतं, अप्पांच्या हाताखाली वाढले मी.

म्हाळसाबाई बोलल्या, तू हसलीस, मी उठून बाहेर आले, तुम्ही जेवायला बसलात आणि माझ्यासमोर टँकर येऊन थांबला. "त्या पट्ट्यात" म्हणजे कुठल्या पट्ट्यात हे ड्रायव्हरनं विचारलं. मी भेगांच्या पट्ट्याकडे बोट केलं. दोन्हीत सोड म्हणाले नाही. विचार करून बोट केलं, नंदे. भेगांचा पट्टा चांगला आला की तुझं कोळपणं, तुझे वाफे, सगळंच उगाच होतं असं दिसलं असतं. काव्याला वाटलं असतं, चिगव्वाच्या हाताला काही विशेष नाही. मग ती घरी आली असती. हे सगळं माझ्या डोक्यात तेवढ्या वेळात आलं आणि मी बोट खाली घेतलं नाही.

आणि तू तिला सांगितलंस की मम्मीला पट्ट्यातलं कळलं नसेल, घाईत झालं असेल. तिनंच मला फोनवर सांगितलं, "चिगव्वा म्हणाली, तुझी काय चूक न्हाय." तुला खरं कळलं होतं, हे मला तुझ्या चिठ्ठीतल्या टँकरबद्दलच्या गप्प बसण्यावरून कळलं. मला वाचवण्यातसुद्धा तूच पुढे. त्याचाही मला राग आला, मग स्वतःचा आला, मग मी उगाच सगळे पितळेचे डबे घासत बसले.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण तू हसशील आणि तुला हसायचा हक्क आहे. भेगांच्या पट्ट्यात सगळ्यात जाड कणसं आलीत म्हणे. माझ्या अर्ध्या टँकरची. ती कुणाला दाखवता येत नाहीत. काव्या परवा म्हणाली, "यंदाची तुलना बाद झाली मम्मी. पुन्हा सगळं करावं लागंल, जूनपासून. वाफ्यांपासून." मी विचारलं, कारखान्याचं काय? "त्यांना नाही म्हणून कळवलंय. एक पूर्ण वर्ष मी हितंच हाय." जिला घरी आणायला मी ते पाणी सोडलं, तिला त्याच पाण्यानं तुझ्याकडे अजून एक वर्ष दिलं. हे ऐकून यांनी कपाळावर हात मारला, आणि मी इतकी रडले की यांना वाटलं नोकरी गेली म्हणून रडतेय.

तिला हे खरं तू सांगू नकोस. काढणीला मी येते, तेव्हा मीच सांगेन. ज्वारी उपटताना सांगेन, म्हणजे दोघींना खाली बघायला कारण असेल. ती माझ्याशी बोलायची बंद होईल, अशी भीती वाटते. झाली तर झाली. पण माझ्याबद्दलचं खोटं तिनं तुझ्या घरात राहून खरं मानावं, हे मला नको.

ती राहू दे तुझ्याकडे. मनापासून म्हणत नाही, तरी म्हणते. तिच्या हातची पहिली भाकरी करपलेली असेल ती तू खा. ती पेरणीला निघाली की तूच ओवाळ. लोक लेक म्हणाले तर हसून घे, मी समोर असले तरी. मी आत जळेन, पण तोंड उघडणार नाही.

फक्त एक गोष्ट मी देणार नाही. तिला ताप आला, तिचं पोट दुखलं, ती कशानं रडली, तर आधी मला कळव. मी येईपर्यंत तिच्या उशाशी बस, आणि मी आले की ऊठ.

काव्याची आई,
चंद्रिका